पाणी प्यायल्याशिवाय सही नाही

काशिनाथभाऊ आमच्या घरी पहिल्यांदा आले ते पाणी मागत. भर दुपार होती, मी भाकऱ्या थापत होते, आणि दारात हा उंच, काळासावळा माणूस. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, डोक्याला टोपी आणि काखेत कापडी पिशवी. म्हणाला, "वैनी, घोटभर पानी द्या." मी पिठाच्या हातानेच तांब्या भरून दारात नेला. तर ते म्हणतात कसे, "असं उंबऱ्यावर नको. आत बसून पितो."

आता काय म्हणावं! आम्हाला नायगावात येऊन तीन आठवडे झाले होते. मी मिरजेची, इथं ओळखीचं चिटपाखरू नाही. हे कामावर गेलेले, सासूबाई आतल्या खोलीत खाटेला खिळलेल्या. नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत हा बाबा स्वयंपाकघरात माठाजवळ मांडी घालून बसलासुद्धा. पाणी प्याले ते अगदी सावकाश. पिता पिता देवांच्या फळीकडे बघितलं, चुलीवरच्या म्हणजे गॅसवरच्या तव्याकडे बघितलं, कोपऱ्यात वाळत टाकलेल्या सासूबाईंच्या धडप्यांकडे बघितलं. मग विचारलं, "म्हातारी कवापासून अंथरुनात हाय?" मी म्हटलं, "दोन वर्षं झाली." "पाठीला जखमा झाल्यात का?" "एक आहे." "कडुनिंबाचा पाला उकळून त्या पान्यानं पुसा." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. बघते तर रेशनकार्डासाठी चार दिवसांपूर्वी ग्रामपंचायतीत दिलेला माझाच अर्ज! त्यावर छापलेलं होतं, 'सदर इसमास मी व्यक्तिशः ओळखतो.' खाली त्यांनी सही केली, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता वळखतो."

हे आमच्या वॉर्डाचे मेंबर. मी आले तेव्हा त्यांची चौथी टर्म चालू होती, आणि पुढे आणखी तीन वेळा ते निवडून आले. स्टेशनच्या पूर्वेला खाडीच्या कडेचं ते गाव तेव्हा अर्धं जुनं, अर्धं नवं होतं. जुन्यात मिठागरावर आणि भातशेतीवर जगलेली घरं, नव्यात आमच्यासारखे मुंबईत जागा न परवडलेले नोकरदार. कोणाला रेशनकार्ड हवं, कोणाला मुलाच्या शाळेचा दाखला, कोणाला मतदारयादीत नाव. मेंबरच्या सहीशिवाय ग्रामसेवक कागद पुढे सरकवत नसे, आणि मेंबरची तऱ्हा ही अशी. आजूबाजूच्या वॉर्डांतले मेंबर चौकात उभ्याउभ्या मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून सह्या ठोकायचे. आमचे काशिनाथभाऊ अर्ज पिशवीत घालून ज्याच्या त्याच्या घरी जायचे, आत बसायचे, पाणी मागायचे. "ज्या घरचं पानी नाय प्यायलो, त्या घरच्या मानसाला मी वळखत नाय," हे त्यांचं वाक्य गावात शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

लोक हसायचे. मीही हसले आहे, खोटं कशाला सांगू? पुढे मी पंचायतीच्या समोरच्या गाळ्यात टायपिंगचं दुकान टाकलं आणि त्यांचे सगळे कागद माझ्याच मशीनवर होऊ लागले. ते मला 'टायपिंगवैनी' म्हणायचे. सकाळी दहाला गाळ्यात यायचे, दिवसाचे अर्ज पिशवीत भरायचे आणि निघायचे. कधी पंधरा घरं, कधी वीस. मी म्हणायचे, "भाऊ, माणसाचं पोट आहे की पंचायतीची टाकी?" ते गंभीरपणे म्हणायचे, "तहान आपली नसते वैनी. तहान कामाची."

या पाण्यावरून त्यांना काय काय कळायचं ते ऐकलं की थक्क व्हायला व्हायचं. तुरटी फिरवलेलं पाणी म्हणजे टँकरची वाट बघणारं घर. हंड्यावर फडकं बांधलेलं असलं की घरात तान्हं मूल. कुठे ग्लास आतून विसळून आणला तर सून नवी. फक्त फ्रीजच्या पाण्यावर त्यांचा राग. "त्यातलं काय कळत नाय. गार पडून सगळं सारखंच लागतं," म्हणायचे आणि पुन्हा माठातलं मागायचे. एकदा बिगारी कामगारांच्या चाळीत एका घरी पाणी मागितलं तर त्या बाईने मान खाली घातली, घरात थेंब नव्हता. भाऊ तिथेच दुपारपर्यंत बसून राहिले. शेजारणीने कळशी आणून ओतली तेव्हा त्यातलं पाणी पिऊन सही केली आणि तडक पंचायतीत जाऊन ग्रामसेवकाच्या टेबलावर टोपी आपटली. त्या चाळीला सार्वजनिक नळ आला तो या टोपीमुळे. पुढे सगळ्या वॉर्डात पाइप फिरला. भाऊंचं स्वतःचं घर खाडीच्या अगदी टोकाला, त्यांच्या दारात नळ आला सगळ्यात शेवटी, आणि तिथवर पोचेपर्यंत पाण्याला जोरही राहायचा नाही आणि चवही. मी म्हटलं, "आधी स्वतःच्या दारात घ्यायचा होता की." तर म्हणाले, "मला काय, मी दिवसभर लोकाच्या घरी पितोय."

ही खोड लागली कशी, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. पहिल्या टर्मला तेही रस्त्यात उभे राहून सह्या करायचे. कातकरी पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याचा कागद त्यांनी असाच वाटेत सही करून दिला. म्हाताऱ्याने कागद घेतला आणि विचारलं, "माझ्या घरचं पानी पियाला लाज वाटली का रं मेंबर?" भाऊ म्हणाले, "वैनी, माझ्या मनात तसलं काय नव्हतं. पन त्याला वाटलं ना! मग त्याच पावली त्याच्या झोपडीत गेलो, डेऱ्यातलं पानी प्यायलो." आणि पुढे म्हणाले, "आनि गोड लागलं. खरंच सांगतो."

गोड पाण्याची गोष्ट निघाली की ते हटकून बहिणीवर यायचे. द्वारकाबाई त्यांच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. भाऊ त्यांना 'बाय' म्हणायचे. आई लवकर गेली, बाप मिठागरावर, तेव्हा बायनेच या पोराला वाढवलं. चारी बाजूंनी खारं पाणी, पिण्याचं आणायला पार डोंगराच्या पायथ्याच्या विहिरीवर जावं लागायचं. "बायच्या डोक्यावर हंडा आनि मी तिच्या लुगड्याचा काठ धरून मागं. रस्त्यात मला तहान लागायची, ती वंजळीतनं पाजायची. आपन मात्र घरी जाईस्तोवर थेंब पियाची नाय," हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल देव जाणे. भाऊंची बायको दुसऱ्या टर्मच्या आतच वारली, मूलबाळ नव्हतं. बायचं लग्न गावातच झालं होतं, त्याही विधवा झालेल्या, त्यांनाही मूल नाही. दोघांची घरं हाकेच्या अंतरावर. रोजची शेवटची सही झाली की भाऊ बायकडे जायचे आणि तिथे पुन्हा पाणी प्यायचे. "हे कामाचं नाय, हे माझं," म्हणायचे.

आता ते सांगते जे सांगायला मला इतकी वर्षं लागली.

त्यांच्या पाचव्या निवडणुकीच्या आधीची गोष्ट. गावात एकदम चार नव्या इमारती राहायला भरल्या होत्या आणि मतदारयादीत नावं घालायला शेवटचे दोन दिवस उरले होते. समोरच्या पॅनेलवाले गठ्ठेच्या गठ्ठे सह्या करून मोकळे झाले. आमचे भाऊ आपले जिन्याने चढताहेत, पाणी पिताहेत. माझ्या टेबलावर मतदारयादीचे आणि इतरही मिळून शंभराच्या वर कागद तुंबले होते. लोक मला येऊन बोलायचे, "मेंबर पडणार बघा यंदा." मला त्यांची काळजी वाटत होती हेही खरं, आणि लोकांची कटकट नको झाली होती हेही खरं. शेवटच्या दिवशी सकाळी मी तो गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "भाऊ, आज घरोघर जाणं पुरे. शंभर घरचं पाणी पिऊन निवडणूक होत नसते. करा सह्या."

त्यांनी गठ्ठ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "वैनी, तुमी वळखता ह्या मानसांना?"

मी म्हटलं, "हो हो. सगळे आपलेच."

किती सहज म्हटलं! जीभ झडली असती तर बरं झालं असतं. मी त्यातल्या निम्म्यांची तोंडंही पाहिली नव्हती. भाऊ खुर्चीवर बसले आणि एकामागून एक सह्या करत सुटले. तासाभरात सगळं उरकलं. मी चहा मागवला, पाणी ठेवलं. त्यांनी कशालाही हात लावला नाही, पिशवी उचलून गेले. त्या खेपेला ते आधीपेक्षा जास्त मतांनी निवडून आले आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

सहा-सात महिन्यांनी एक दिवस द्वारकाबाई माझ्या गाळ्यात आल्या. लुगड्याच्या पदरात घडी केलेला कागद होता. त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणाल्या, "तलाठ्याकडनं आनलाय. वाचून दे गो." त्यांच्या सासऱ्यांच्या नावावरच्या खाडीकाठच्या जमिनीचा तो वारसांचा कागद. नवरा मेला तरी त्याचा हिस्सा म्हणून त्या तिथेच राहत होत्या, पुढचं शेत कसत होत्या. मी मोठ्याने वाचायला लागले. वारस म्हणून नवऱ्याच्या दोन पुतण्यांची नावं. आणि पुढे, 'याव्यतिरिक्त अन्य कोणी वारस नाही.' वाचता वाचता माझं लक्ष अक्षरांकडे गेलं. प्रत्येक ओळीतला 'र' जरासा वर उडालेला. माझ्या मशीनचा 'र' उडायचा. ते पुतणे कधी आले होते, मी त्यांना कधी टाईप करून दिलं होतं, काही म्हणता काही आठवेना. पण कागद माझाच होता, आणि सहीखालची तारीख त्या शेवटच्या दिवसाची, म्हणजे तो त्या गठ्ठ्यातला होता.

"खाली सही कोनाची?" बायने विचारलं.

मी म्हटलं, "मेंबरची."

त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या, कागद माझ्या हातातून घेतला, पदरात बांधला आणि गेल्या. आणि मी तशीच बसून राहिले. 'गठ्ठा मी पुढे केला, मी खोटं बोलले' एवढी दोन वाक्यं माझ्या तोंडून फुटली नाहीत. घाबरले मी. सरळ सांगायचं तर घाबरले.

संध्याकाळी भाऊ आले तेव्हा त्यांना मात्र मी सगळं सांगितलं, रडत रडत सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "टायपिंग तुमचं वैनी. सही माझी." बस्स. पुन्हा कधी तो विषय माझ्याशी काढला नाही, आणि कोणाजवळ माझं नावही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी ते वसईला तहसीलदारांकडे गेले आणि लिहून दिलं की ही सही मी न वाचता, न ओळखता केली, ती रद्द धरावी. तिथल्या साहेबांनी विचारलं म्हणे, "मग 'व्यक्तिशः ओळखतो' याच्याखाली सही कशी केलीत?" अर्ज, अपील, तारखा, असं ते प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. पुतण्यांनी जमीन तोवर विकूनही टाकली होती. बायचं घर पडलं, शेत बुजवलं, आणि तिथे सात मजले उभे राहिले.

भाऊ म्हणाले, माझ्या घरी चल. बाय गेली नाही. ती भुईगावला मावसबहिणीच्या वाडीत जाऊन राहिली. मोगऱ्याच्या, अबोलीच्या वेण्या करून द्यायची आणि त्यावर पोट भरायची. मिठागरावरची बाई म्हातारपणी वाडीत फुलं ओवत बसली. कधी कधी वाटतं, त्या काळात भाऊंनी मेंबरकी सोडून दिली असती तर लोकांनी समजून घेतलं असतं. पण त्यांनी सोडली नाही. उलट नेम जास्तच कडक केला. आता ते पाणी प्यायचे, अर्ज शेवटपर्यंत मोठ्याने वाचायला लावायचे आणि विचारायचे, "ह्यात कोनाचं नाव ऱ्हायलं का?" पुढच्या दोन्ही निवडणुकांत लोकांनी त्यांनाच निवडून दिलं. विजयाचा गुलाल अंगावर घेऊन ते रिकाम्या घरी जायचे.

दरवर्षी भाऊबीजेला मात्र ते भुईगावला जायचेच. नवा शर्ट, पिशवीत लुगडं, वसईहून एसटी. दुपारी परत यायचे ते थेट माझ्या गाळ्यात, ओठ कोरडे ठक्क पडलेले. दोन तांबे पाणी घटाघटा प्यायचे. पहिल्या वर्षी मी आशेने विचारलं, "काय म्हणाल्या बाय?" तेव्हा कपाळावरचं कुंकू दाखवून म्हणाले, "ववाळलं. पाट मांडला, ववाळलं, लुगडं घेतलं. पन पानी नाय इचारलं."

पाणी नाही विचारलं! आपल्याकडे दारात आलेल्या परक्यालाही आधी पाणी विचारतात. भांडणातला माणूस आला तरी आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात आणि मग भांडतात. भाऊबीजेला भावाला ओवाळल्याशिवाय परत पाठवायचं नाही एवढं तिने पाळलं. बाकी काही दिलं नाही. मी चिडून म्हटलं, "मग मागायचं होतं तुम्ही! गावभर मागत फिरता, बहिणीकडे मागायला काय झालं?" भाऊंनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "गावात मी मेंबर म्हनून मागतो. तिथं कोन म्हनून मागू?"

असं एक वर्ष नाही, दहा-अकरा वर्षं चाललं. दर भाऊबीजेला मी तांब्या भरून ठेवायची आणि वाट बघायची, की आज हा माणूस न पिता नुसता हसत पुढे जाईल. एकदाही गेला नाही. आणि दर वर्षी मी ठरवायची की यंदा आपणही भुईगावला जायचं आणि बायला खरं काय ते सांगायचं. कधी सासूबाईंचं आजारपण, कधी मुलांच्या परीक्षा, कधी नुसतं दुकान. कारणं काय, हात जोडून उभीच असतात.

मग महानगरपालिका झाली आणि ग्रामपंचायत संपली. पंचायतीच्या कचेरीवर नवा फलक लागला, मेंबरांची खुर्ची गेली, वॉर्डाचा प्रभाग झाला. भाऊंच्या सात टर्म एका दुपारी संपल्या. नव्या माणसांनी सहीचा शिक्काच बनवून घेतला, ऑफिसातला मुलगा दिवसभर तो उमटवत बसायचा. काम चोख होतं, मी नाव ठेवत नाही. लोकांना पाच मिनिटांत कागद मिळायला लागला. ज्यांना वीस वर्षं भाऊंची वाट बघत बसावं लागलं होतं, त्यांना बरंच वाटलं असणार.

भाऊ तरीही सकाळी दहाला पिशवी घेऊन यायचे. अर्ज नसायचा. मी कोरे कागद द्यायची तर घ्यायचे नाहीत, म्हणायचे, "उगाच कशाला वैनी, मला काय येड लागलंय?" पाच-दहा मिनिटं बसायचे आणि फिरायला निघायचे. पण आता घरात शिरायला निमित्त नव्हतं. रस्त्यात भेटलेले लोक "काय मेंबर, बरं आहे ना?" विचारायचे आणि पुढे जायचे. माणसं वाईट नव्हती हो. घाईत होती.

एकदा ते त्या सात मजल्यांकडे गेले, बायच्या जमिनीवरच्या. गेटवर वॉचमनने अडवलं, "किससे मिलना है? फ्लॅट नंबर बोलो." भाऊंना फ्लॅट नंबर काय सांगता येणार! ते म्हणाले, "इधर मेरे बहन का घर था." वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. हे सगळं मला त्यांनीच हसत हसत सांगितलं. "टायपिंगवैनी, आख्ख्या गावात मला पयल्यांदा कोनीतरी इचारलं, कोन पाहिजे म्हनून!" मी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?" तर म्हणाले, "काय करनार? त्याच्याकडं पानी मागितलं. त्यानं बाटलीतलं दिलं. रामसूरत नाव त्याचं. दोन पोरी हायत गावाला. चांगला मानूस. आता वळखतो त्याला." हसता हसता त्यांनी तोंड फिरवलं. मला मेलीला कळलं होतं, पण मी मशीनवर बोटं चालवत राहिले.

त्याच हिवाळ्यात ते गेले. सकाळी दूधवाल्याने हाक मारली, ओ नाही, म्हणून लोकांनी दार ढकललं. झोपेतच प्राण गेला होता. मी धावत गेले. आणि उंबरा ओलांडताना माझ्या लक्षात आलं, की या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकते आहे. पंधरा वर्षं हा माणूस माझ्या घरचं पाणी पीत होता. मला कधी त्यांच्याकडे जावंसं वाटलं नाही आणि त्यांनी कधी बोलावलं नाही. एक खाट, भिंतीवर बायकोचा फोटो, खुंटीला ती पिशवी, आणि कोपऱ्यात तिवईवर माठ. माठावर पेला पालथा घातलेला. एकच पेला होता घरात.

एकटा माणूस गेलेला, म्हणून चौकीतून हवालदार आला. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, पण हवालदाराला मयताची ओळख पटवणारे दोन जण हवे होते. अंगणात पन्नास-साठ माणसं जमलेली, कोणीही पुढे झालं असतं. तेवढ्यात रिक्षातून द्वारकाबाई उतरल्या. भुईगावला कोणी निरोप दिला कोण जाणे. त्या वाकल्या होत्या, काठी टेकत आल्या. भावाच्या खाटेशी जाऊन उभ्या राहिल्या. कपाळावर हात ठेवला. तरीही रडल्या नाहीत.

हवालदार जरा अदबीने म्हणाला, "आजी, तुम्ही बहीण ना? ओळखता ना यांना? इथं अंगठा लावा."

"थांब," बाय म्हणाल्या. त्या माठाशी गेल्या आणि पालथा पेला उचलला. माझ्या शेजारच्या एका बाईने त्यांचा हात धरला, "अगो बाय, मयताच्या घरचं पानी! सुतकाचं हाय ते, वतून टाकायचं असतं." बायनी तिचा हात बाजूला केला. पेला भरला, खाटेजवळ जमिनीवर बसल्या आणि एकेक घोट करत सगळं पाणी प्यायल्या. प्यायल्यावर पदराने तोंड पुसलं आणि हवालदाराला म्हणाल्या, "आन तुझा कागद. आता वळखते."

तेव्हा त्या रडल्या. अंगठ्याची शाई पदराला लागली, डोळ्यांना लागली, कशाचं भान नव्हतं त्यांना. "अकरा वर्षं दारातनं तहानलेला पाठवला गो," एवढंच म्हणत होत्या.

मला राहवलं नाही. मी त्यांच्यापुढे बसले आणि म्हटलं, "द्वारकाबाई, तो कागद मी टाईप केला होता. भाऊ सही करत नव्हते. मीच त्यांना खोटं सांगितलं, सगळे आपलेच म्हणून. त्यांचा दोष नव्हता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्हाईत हाय," म्हणाल्या. "त्या दिशी वाचताना तुझा आवाज कापत व्हता. मला वाटलं, आज ना उद्या येशील सांगायला." मला मान वर करवेना. त्या पुढे म्हणाल्या, "तू आली असतीस तर त्याला पानी दिलं असतं मी."

त्याहून मोठी शिक्षा मला कोणी काय दिली असती? हवालदाराने घसा खाकरून विचारलं, "दुसरी सही कोण करतंय?" कोणीतरी माझं नाव घेतलं, म्हणालं, या रोज त्यांच्याबरोबर असायच्या, यांच्याइतकं कोण ओळखणार?

बायनी काठीवर जोर देऊन उठून तोच पेला पुन्हा भरला आणि माझ्यापुढे धरला. "पी," म्हणाल्या.

पाणी खाडीच्या टोकाच्या त्या शेवटच्या नळाचं होतं, मचूळ. मी ते सगळं प्यायले आणि मग सही केली.